डोक्याचा मार, वाटेवरचा वेळ आणि नोंदींचे दप्तर

किनवटच्या डोंगराळ पट्ट्यातून, देगलूरच्या सरहद्दीवरून किंवा अहमदपूर-लोह्याच्या महामार्गावरून डोक्याला मार लागलेला रुग्ण जेव्हा नांदेडला अथवा लातूरला आणला जातो, तेव्हा त्याच्या जीविताचा निर्णय शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पोचण्यापूर्वीच पुष्कळदा वाटेत होऊन गेलेला असतो. आणि या प्रकरणात ज्या नव्या विद्येचा विचार करावयाचा आहे, त्या विदाशास्त्राचे व कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोल आपल्या भागापुरते ठरवावयाचे, तर ते प्रथम या वाटेवरच्या वेळाच्या हिशेबानेच ठरविले पाहिजे. नांदेड जिल्ह्याचे तालुके १६, लातूरचे १०. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांहून अधिक. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय मात्र मुख्यतः या दोन शहरांत एकवटलेली, आणि तेथेही भागले नाही तर हैदराबाद, सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावयाचा.

वेळेवर एवढा भर का द्यावयाचा, याचे कारण कवटीच्या रचनेत आहे. हातापायाला मार लागला तर सूज बाहेर येण्यास वाव असतो. कवटीची पोकळी सर्व बाजूंनी हाडाने बंदिस्त असल्यामुळे आत रक्त साचू लागले की त्याला जागा करून देण्यासाठी मेंदूलाच दबावे लागते, आणि दाब एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे श्वासोच्छ्वास ज्याच्या स्वाधीन आहे तो मेंदूचा तळाकडील भाग खाली रेटला जातो. कानाच्या वर, जेथे हाड पातळ असते, तेथून आतल्या बाजूने एक धमनी जाते. काठीचा घाव किंवा मोटारसायकलवरून पडताना बसलेला मार नेमका त्या जागी लागून हाड तडकले व ती धमनी फाटली, तर रुग्ण थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन बोलू लागतो, चहा मागतो, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, आणि तासा-दोन तासांनी त्याचा डोळा लागला असे समजून कोणी त्याला उठवीत नाही. वस्तुतः ती झोप नसते, दाब वाढत चाललेला असतो. आणि त्या अवधीत कवटीला छिद्र पाडून रक्ताची गाठ काढली, तर हाच मनुष्य पुन्हा आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. मेंदूच्या बाह्य आवरणाखाली होणारा तीव्र रक्तस्राव याहून कठीण. १९८१ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी अशा ८२ बेशुद्ध रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले होते आणि चार तासांनंतर झालेल्यांपैकी ९० टक्के. हे आकडे वाचल्यावर किनवटहून नांदेडपर्यंतचे शंभराहून अधिक किलोमीटरांचे अंतर केवळ भूगोलाचा विषय राहत नाही.

मेंदूच्या दुखण्याला संख्येत बसविण्याचा उद्योग यंत्रांच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. १९७४ मध्ये ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धीचे मोजमाप मांडले. त्यापूर्वी ‘गुंगीत आहे’, ‘अर्धवट शुद्धीत आहे’ असे शेरे प्रत्येक डॉक्टर आपापल्या समजुतीने लिहीत असे, आणि एकाचा शेरा दुसऱ्याला उमगेलच याची खात्री नसे. टीसडेल व जेनेट यांनी पुढे डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत आणि हालचालीला ६ पर्यंत गुण दिले. बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५, आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. आज मुखेडच्या ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याने संदर्भचिठ्ठीवर हे तीन आकडे व डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला आकुंचन पावतात की नाही एवढे वेळेसह लिहिले, तर नांदेडच्या अपघात विभागातील डॉक्टरास वाटेत रुग्ण किती ढासळला हे पाहता क्षणी कळते. कोणत्याही मोठ्या यंत्रणेहून या ओळीचे मोल मला अधिक वाटते. कारण पुढची सर्व यंत्रणा तिच्यावरच उभी राहावयाची असते.

दुसरे पाऊल गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले छेदचित्र घेतले. सीटी स्कॅनची फिल्म आपण चित्र म्हणून पाहतो, परंतु मुळात ते संख्यांचे कोष्टक असते: प्रत्येक बिंदूपाशी क्ष-किरण किती अडले याचा एक आकडा, त्यात पाण्याला ०, हवेला उणे १०००, मेंदूच्या ऊतीला साधारण २० ते ४०, ताज्या गोठलेल्या रक्ताला ५० ते ८० च्या घरात. एका छेदात ५१२ गुणिले ५१२ म्हणजे २,६२,१४४ बिंदू; डोक्याचे ३० छेद घेतले तर एका रुग्णामागे ७८ लाखांवर आकडे होतात. मनुष्याचा डोळा त्यांतून पांढरा डाग शोधतो. यंत्राला मात्र हे आकडे थेट वाचता येतात, आणि तेथूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा या शास्त्रात प्रवेश होतो.

या प्रवेशातील एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच राज्यात लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाने सांगण्याजोगी आहे. मुंबईत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या संस्थेच्या संशोधकांनी देशातील सुमारे २० केंद्रांतून डोक्याचे ३,१३,३१८ सीटी स्कॅन, त्यांवर तज्ज्ञांनी पूर्वी लिहिलेल्या अभिप्रायांसह, एकत्र केले. त्यांतील काही भाग परीक्षेसाठी बाजूस ठेवून उरलेल्यांवर त्यांनी यंत्रास शिक्षण दिले, आणि कवटीतील रक्तस्राव, हाडाचा भंग, मेंदूचे मधल्या रेषेपासून सरकणे इत्यादी लक्षणे ते ओळखू शकते काय, याचा वृत्तान्त २०१८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. शिक्षणाची पद्धत सांगण्यास सोपी आहे. प्रत्येक स्कॅनवर यंत्र आपला अदमास सांगते, तो तज्ज्ञाच्या अभिप्रायाशी ताडून पाहिला जातो, चुकला तर यंत्राच्या आतील लक्षावधी गुणकांत किंचित फेरफार होतो, आणि हा क्रम इतक्या वेळा चालतो की शेवटी कोणत्याही मनुष्याने नियम लिहून दिलेला नसतानाही धमनी फाटून होणारा भिंगाच्या आकाराचा स्राव आणि आवरणाखालचा चंद्रकोरीच्या आकाराचा स्राव यांतील भेद त्याला करता येऊ लागतो. परीक्षेसाठी बाजूस ठेवलेल्या २१,०९५ स्कॅनवर रक्तस्राव ओळखण्याची त्याची योग्यता ०.९२ भरली, दिल्लीतील केंद्रांतून घेतलेल्या ४९१ स्कॅनवर, जेथे तीन तज्ज्ञांच्या बहुमताचा निकाल प्रमाण मानला होता, तेथे ०.९४. या ०.९२ चा अर्थ असा, की रक्तस्राव असलेला एक आणि नसलेला एक असे दोन स्कॅन डोळे मिटून उचलले, तर शंभरांपैकी ९२ वेळा यंत्र पहिल्याला अधिक संशयास्पद ठरविते. तो अचूकतेचा टक्का नव्हे, आणि जाहिरातीत तो तसा वाचला जाऊ नये.

आता उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी काय घडते ते पाहावे. सीटी स्कॅनचे यंत्र अशा मोठ्या गावांत पोचले आहे; ते वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ मध्यरात्री हजर असतोच असे नाही, आणि मेंदूचा शल्यविशारद तर जिल्ह्याच्याच ठिकाणी. तेव्हा रूढ झालेली रीत अशी, की फिल्म उजेडाच्या चौकटीवर किंवा खिडकीच्या काचेला लावून मोबाइलने तिचे छायाचित्र काढावयाचे, ते व्हॉट्सॲपवर ओळखीच्या न्यूरोसर्जनकडे पाठवावयाचे, आणि ते जागे असतील तर ‘ताबडतोब पाठवा’ किंवा ‘सकाळपर्यंत ठेवून बघा’ असा निरोप येईपर्यंत थांबावयाचे. या रीतीने पुष्कळांचे प्राण वाचले आहेत, तिची निंदा मी करणार नाही. परंतु छायाचित्रात काचेवरचे प्रतिबिंब येते, सर्व छेद येत नाहीत, मूळच्या आकड्यांपैकी बहुतेक मजकूर गळून जातो, आणि कोणत्या वेळी कोणी काय सल्ला दिला याचा लेख दप्तरात उरत नाही. त्याऐवजी यंत्रातील मूळ संख्याच संगणकाने वाचून ‘उजव्या बाजूस स्राव, मधली रेषा सरकलेली, तातडीचे’ एवढी सूचना काही मिनिटांत एकाच वेळी तालुक्याच्या डॉक्टरला, १०८ च्या रुग्णवाहिकेला आणि लातूरच्या शस्त्रक्रियागृहाला दिली, तर रुग्ण वाटेत असतानाच तेथे भूलतज्ज्ञाला बोलावणे धाडता येते, रक्तपेढीत रक्ताची तजवीज करता येते. यंत्राने येथे निदानाचा मान मिळविण्याची गरज नाही. दोन तास वाचविले तरी पुरे.

हे केवळ मनोराज्य नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात गायसिंगर या रुग्णालयसमूहाने ४६,५८३ स्कॅनवर घडवून तपासलेले असेच यंत्र प्रत्यक्ष कामास लावले. सवडीने वाचण्याच्या म्हणून ठेवलेल्या ३४७ स्कॅनपैकी ९४ यंत्राने तातडीच्या रांगेत आणले; त्यांपैकी ६० मध्ये खरोखर रक्तस्राव निघाला, आणि त्या स्कॅनचे वाचन होईपर्यंतचा मध्यम अवधी ५१२ मिनिटांवरून १९ मिनिटांवर आला. रांगेत कोणाला पुढे घ्यावयाचे, हा प्रश्न लातूरला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, सुमारे दहा हजार लोक प्राणास मुकले, आणि जे जिवंत निघाले त्यांतून आधी कोणाला हलवावयाचे याचा निवाडा डोळ्यांनी व हातांनीच करावा लागला. अशा प्रसंगी डोक्याच्या जखमेतून वाहणारे रक्त सर्वांना दिसते, कवटीच्या आतला स्राव कोणालाच दिसत नाही, आणि आरडाओरड करणाऱ्यापेक्षा शांत पडून राहिलेल्याची प्रकृती अधिक नाजूक असू शकते.

परंतु त्या ९४ मधील उरलेल्या ३४ जणांचा विचार येथेच केला पाहिजे. यंत्र आपला संशय ० ते १ अशा अंकात सांगते. कोणत्या अंकाच्या पुढे धोक्याची सूचना द्यावयाची, हे मनुष्याने ठरवावयाचे असते. चाळणीची भोके बारीक ठेवली तर खडा निसटत नाही पण दाणेही अडकतात, मोठी ठेवली तर उलट. समजा, नांदेडच्या अपघात विभागातील १००० स्कॅनमध्ये १०० जणांना रक्तस्राव आहे. यंत्राने त्यांतील ९५ पकडले आणि निर्दोष ९०० पैकी १० टक्क्यांवर खोटी हाकाटी केली, तर १८५ सूचनांपैकी ९५ खऱ्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक. तेच यंत्र एखाद्या गावी नेले, जेथे डोकेदुखीचा प्रत्येक रुग्ण स्कॅन करून घेतो आणि १००० मध्ये रक्तस्राव केवळ २० जणांना असतो, तर १९ खऱ्या सूचनांबरोबर ९८ खोट्या येतील. सहांतील पाच वेळा घरचे लोक रात्री गाडी करून, उसनवारी करून नांदेडला जातील आणि सकाळी परत येतील. यंत्र तेच, गुण तेच, आणि परिणाम इतका वेगळा. म्हणून मुंबईत किंवा दिल्लीत ठरलेला अंक जसाच्या तसा मुखेडला लावणे मला गैर वाटते. तो तेथल्या रुग्णांवर पुन्हा ताडून ठरविला पाहिजे. शिवाय यंत्र वाचते ते चित्र. अपघातानंतर पहिल्याच तासात काढलेला स्कॅन निर्दोष दिसून पुढे सहा तासांनी स्राव प्रकट झाल्याची उदाहरणे प्रत्येक अनुभवी शल्यविशारदास ठाऊक असतात, आणि अशा वेळी यंत्राच्या ‘काही नाही’ या निर्वाळ्यावर विसंबून बाहुल्या तपासणे सोडले, तर ती चूक यंत्राची म्हणता येणार नाही.

मेंदूतील गाठींच्या शस्त्रक्रियेतही ही विद्या शिरली आहे. २०२० साली अमेरिकेतील २७८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया चालू असतानाच काढलेल्या तुकड्याचे लेसरने घेतलेले चित्र वाचून यंत्राने अडीच मिनिटांच्या आत गाठीचा प्रकार सांगितला, आणि तो ९४.६ टक्के वेळा बरोबर निघाला. विकृतिशास्त्रज्ञांचा आकडा ९३.९ होता. हे काम थोरच आहे. आपल्या दोन जिल्ह्यांची पहिली निकड मात्र ती नव्हे.

आपली निकड कोणती, हे ज्या एका चाचणीवरून मला उमगते तिची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो. मार लागल्यावर मेंदूला सूज येते आणि स्टेरॉइड सूज उतरविते, तेव्हा डोक्याच्या मारावर स्टेरॉइड द्यावे, हा तर्क इतका सरळ होता की सुमारे तीस वर्षे जगभर अनेक ठिकाणी ते औषध दिले जात होते. ४९ देशांतील २३९ रुग्णालयांनी मिळून १०,००८ रुग्णांची रीतसर नोंद ठेवली, आणि २००४ मध्ये निकाल आला: औषध मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरांमागे तीन माणसांचा हा फरक कोणत्याही एका डॉक्टरला, तो कितीही निष्णात असला तरी, आयुष्यभराच्या अनुभवातून दिसणे शक्य नव्हते; तो दहा हजार नोंदी एकत्र मांडल्यावरच दिसला. त्याच नोंदींतून पुढे २००८ मध्ये वय, शुद्धीचे गुण, बाहुल्यांची प्रतिक्रिया व इतर अवयवांना झालेली मोठी इजा यांवरून रुग्णाचे भवितव्य वर्तविणारे गणित तयार झाले, आणि ते करणाऱ्यांनी श्रीमंत देशांसाठी एक व इतर देशांसाठी एक अशी दोन गणिते वेगवेगळी केली, कारण तीच इजा, तेच वय, आणि तरीही जगण्याची शक्यता देशागणिक निराळी येत होती. भारतातही हा मार्ग अपरिचित राहिलेला नाही. २०१३ पासून मुंबईचे केईएम व शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीचे अपघातकेंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम या चार ठिकाणी टिटको या प्रकल्पाने १६,००० हून अधिक जखमींची एकाच नमुन्यात नोंद केली, आणि ती करण्यासाठी खास माणसे नेमली.

ही चारही रुग्णालये महानगरांतील. नांदेड-लातूरच्या रुग्णांची गोष्ट त्या दप्तरात मावत नाही, आणि तिचे काही विशेष असे आहेत की ते बाहेरून आलेल्या यंत्रास आपोआप कळणार नाहीत. शुद्धीच्या मोजमापात बोलण्याला ५ गुण आहेत, असंबद्ध बोलला तर ३, केवळ अस्पष्ट आवाज काढले तर २. आता तांड्यावरून आलेली वृद्ध स्त्री गोरमाटीत बोलत असेल, धर्माबाद-देगलूरकडील मजूर तेलुगूत, निलंगा-देवणीकडील कानडीत, किनवटच्या डोंगरातला कोलामीत, आणि तपासणारा तरुण डॉक्टर मुंबईहून किंवा विदर्भातून नुकताच रुजू झालेला असेल, तर शुद्धीत बोललेली पाचाची वाणी केसपेपरावर तिनाची होण्याचा धोका उघड आहे. असे आकडे यंत्रास शिकविले, तर ते त्या लोकांची इजा नेहमी अधिक गंभीर समजेल, आणि तो दोष हजारो रुग्णांच्या सरासरीत लपून राहील. सोबतच्या नातेवाइकास ‘हे नीट बोलतात काय?’ असे विचारून त्याचे उत्तर वेगळ्या रकान्यात लिहावे, एवढा साधा उपाय त्यावर आहे.

दुसरा विशेष ‘डामा’चा. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेण्यास आमच्या दवाखान्यांत हाच शब्द रूढ आहे. व्हेंटिलेटरवरचा चौथा-पाचवा दिवस उजाडतो, जमीन गहाण पडण्याची वेळ येते, आणि घरचे अंगठा उठवून रुग्ण घेऊन जातात. कागदोपत्री तो ‘घरी सोडला’ या सदरात जातो. यंत्र त्याला वाचलेल्यांत धरते. खर्चाच्या बाबतीत शासनाने काही केले नाही असे नाही: जुलै २०१२ मध्ये तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना, ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. या योजनेत मंजुरीसाठी कागदपत्रे संगणकावर चढवावी लागतात. १०८ ची सेवा २०१४ च्या आरंभी ९३७ रुग्णवाहिकांनिशी राज्यात सुरू झाली, तिच्याकडे प्रत्येक फोनची व पोचण्याची वेळ असते. म्हणजे रुग्णाच्या प्रवासाचे तुकडे ठिकठिकाणच्या दप्तरांत पडलेले आहेत. नाव-गाव झाकून, २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याची मर्यादा पाळून ते एकमेकांशी जोडण्याचे काम उरले आहे.

ते कोणी करावे? नांदेड शहरालगत विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८१ पासूनचे श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय तेथेच आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तेथेच. रुग्ण, गणिती आणि संगणकाचे जाणकार एकमेकांपासून इतक्या जवळ असण्याचा योग फार थोड्या जिल्ह्यांना लाभतो. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेला सोबत घेऊन त्यांनी दोन्ही ठिकाणी एकच नमुना, वीस-पंचवीस रकान्यांचा, रोज भरला जाईल असा बंदोबस्त केला आणि त्यासाठी रात्रपाळीलाही एकेक नोंदणी कारकून नेमला, तर पाच वर्षांत मराठवाड्याच्या डोक्याच्या माराचे असे दप्तर उभे राहील की बाहेरून येणाऱ्या प्रत्येक यंत्राची खातरजमा त्यावर करून घेता येईल. डॉक्टरांच्या अंगावर हे काम टाकले तर ते होणार नाही; त्यांची रात्र आधीच भरलेली असते.

या नमुन्यातील सर्वांत अवघड रकाना शेवटचा. जेनेट यांनीच मायकेल बाँड यांच्यासह १९७५ मध्ये इजेनंतरच्या परिणामाच्या पाच पायऱ्या ठरविल्या, मृत्यूपासून पूर्ववत होण्यापर्यंत, आणि हा निर्णय सामान्यतः सहा महिन्यांनी घेतला जातो. तोवर रुग्ण आपल्या गावी गेलेला असतो. तो एकटा बाजारला जातो काय, पेरणीच्या कामात उभा राहतो काय, पूर्वी शांत असलेला मनुष्य आता लेकरांवर धावून जातो काय, हे प्रश्न आशा कार्यकर्तीने घरी जाऊन विचारल्याखेरीज कळत नाहीत. कंधार, मुखेड, जळकोट या भागांतील अनेक घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळा लागेतो परतत नाहीत. भाद्रपदात मार लागलेल्या रुग्णाचा सहावा महिना फडावरच भरतो, आणि गावातील घराला कुलूप असते. म्हणून भरतीच्या दिवशी नमुन्यावर रुग्णाच्या पत्त्याखाली आणखी एक रकाना असावा: मुकादमाचे नाव, त्याचा फोन नंबर, आणि यंदा टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार आहे ते.